सोमवारी सकाळी अकरा वाजता मूल कुठे होतं?

मागच्या पोस्टनंतर काही जणांनी विचारलं, "शाळांच्या इतिहासावर पीएचडी म्हणजे तू नेमकं करतेस काय? शाळा कधी निघाली, इमारतीला देणगी कुणी दिली, पहिले मुख्याध्यापक कोण, असंच ना?" तेही करावं लागतं. पण माझा खरा प्रश्न जरा वेगळा आहे. शाळा कशासाठी असते, याचं उत्तर शाळा चालवणाऱ्या माणसांनी वेळोवेळी काय दिलं, आणि त्या उत्तरामुळे त्यांच्या रोजच्या कामात काय बदललं, हे मला शोधायचंय. त्यासाठी डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके घेतलेत. जुनं छापील साहित्य वाचते, आत्मचरित्रं वाचते आणि शिकवणाऱ्या माणसांशी बोलते. आजची पोस्ट अशाच एका बोलण्यावरून सुचली.

डहाणूत आगरला एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली, त्यातली बरीच वर्षं रेल्वेलाइनच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर. नाव लिहू नकोस म्हणालेत, म्हणून इथे नुसतं 'गुरुजी' म्हणते. पहिल्याच भेटीत मी वही उघडली आणि ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांच्याबद्दल विचारायला लागले. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, तुम्ही संशोधक मंडळी आधी कोसबाडच्या टेकडीवर चढता आणि तिथूनच सगळा तालुका बघता. जरा खाली उतर. मला आधी सांग, इथलं मूल शाळेत येत नव्हतं ते का?"

मी म्हटलं, "गरिबी, भाषेची अडचण, पालकांना शिक्षणाचं महत्त्व न पटणं..."

"हे झालं पुस्तकातलं. सोमवारी सकाळी अकरा वाजता ते मूल कुठे होतं, ते सांग."

मला सांगता आलं नाही. पण घरी येऊन टिपणं पुन्हा वाचायला घेतली तेव्हा लक्षात आलं, की ज्या बायकांबद्दल मी विचारत होते त्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. तोही १९४५ साली, इथूनच थोड्या अंतरावर, बोर्डीत.

१९४५ साली इथे काय चाललं होतं

शिक्षणाच्या इतिहासाची पुस्तकं १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं असं सांगतात. शेतकरी चळवळीच्या इतिहासाची पुस्तकं त्याच वर्षी वारल्यांचा उठाव झाला असं सांगतात. ही दोन पुस्तकं ग्रंथालयात वेगवेगळ्या कपाटांत असतात, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच मुलखातल्या आहेत हे मलासुद्धा बऱ्याच उशिरा जाणवलं.

त्या काळी इथला वारली बहुतेक करून दुसऱ्याच्या जमिनीवर राबत होता. जमीनदार, सावकार, जंगलाचे ठेकेदार यांच्याकडे वेठबिगार, म्हणजे बिनमजुरीचं काम, ठरलेलं. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही ते फेडण्यासाठी सावकाराकडे राबायचे. त्याला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटायचं नाही आणि माणूस सुटायचा नाही. २३ मे १९४५ ला झरी गावात (तेव्हा उंबरगाव तालुका, आज तलासरी) किसान सभेच्या बोलावण्यावरून वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. या लढ्याच्या पुढारी गोदावरी परुळेकर. पावसाळा संपता संपता गवत कापायच्या मजुरीवरून संप झाला. मुंबईला जाणारं गवत याच भागातून जायचं. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळावेत, ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा इथे पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच वारली मारले गेले. ही सगळी हकीकत गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आणि याच वर्षाच्या अखेरीस ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत लहान मुलांची शाळा काढली.

या दोन घटना जवळजवळ ठेवल्या, की गुरुजींच्या प्रश्नाला वजन येतं. ज्या घरातल्या मोठ्या माणसांचा दिवस त्यांच्या स्वतःच्या मालकीचा नव्हता, त्या घरातल्या मुलाचा दिवस कसा असणार? आई-बाप राबायला गेले की घर, गुरं आणि धाकटं भावंड कोण बघणार? शाळेची घंटा वाजत होती तेव्हा मूल रिकामं नव्हतं. ते कामावर होतं.

महागडी पद्धत आणि वाळूतले शिंपले

आता थोडं मागे जाऊ. ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईतला. प्रार्थना समाजाच्या घरातल्या, पदवीधर. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयात प्राचार्य होत्या. ती नोकरी सोडून १९२३ च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आल्या. गिजुभाईंनी तिथे १९२० मध्ये बालमंदिर काढलं होतं आणि माँटेसरीची पद्धत भारतीय मुलांसाठी वळवून घ्यायचा त्यांचा खटाटोप चालू होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिका' मराठीतही निघायला लागली, तिचं काम ताराबाईंनी सांभाळलं. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं.

म्हणजे बोर्डीला येण्याआधी वीस वर्षं ताराबाई बालशिक्षण करत होत्या आणि त्यात त्यांचं नाव झालेलं होतं. मग त्या वयात गावात कशाला आल्या? माझ्या मते याचं उत्तर माँटेसरीच्याच गोष्टीत आहे. मारिया माँटेसरी यांचं पहिलं 'बालगृह' ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत सुरू झालं. आई-वडील दिवसभर कामावर, मुलं चाळीत मोकाट, भिंती खराब करतात, म्हणून इमारतीच्या मालक कंपनीनेच त्या इमारतीत मुलांसाठी एक खोली काढून दिली. माँटेसरीची पहिली शाळा अशी गरिबांच्या चाळीत, मुलाच्या घराखालीच होती. पुढे हीच पद्धत जगभर फिरली, सुबक लाकडी साधनं आली, प्रशिक्षणाची फी आली आणि भारतात पोहोचेपर्यंत ती मुख्यतः शहरातल्या सुखवस्तू मुलांची झाली. ताराबाई बोर्डीला आल्या म्हणजे ही पद्धत पुन्हा आपल्या पहिल्या पत्त्यावर आली, असं मला वाटतं.

अनुताईंची वाट पूर्ण वेगळी. जन्म १९१०, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. घरच्यांनी शिकवायचं ठरवलं म्हणून शिकल्या, शिक्षिका झाल्या. चांदवडकडे काही वर्षं काढली, मग पुण्याला हुजूरपागेत दहाएक वर्षं. नोकरी करता करता मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि त्या बोर्डीला यायला तयार झाल्या. पुण्यातली पक्की नोकरी सोडून, पस्तिसाव्या वर्षी.

बोर्डी हे काही अगदी कोरं गाव नव्हतं. गोखले एज्युकेशन सोसायटीचं हायस्कूल तिथे आधीपासून होतं, आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक होते. शिक्षणाला मान असलेलं गाव. म्हणूनच तिथे जे घडलं ते मला महत्त्वाचं वाटतं. गावात चांगली बालवाडी निघाली, पण तिच्यात आली ती मुख्यतः बऱ्या घरची मुलं. दलित वस्तीतली, मच्छीमारांची, आदिवासी पाड्यातली मुलं काही आली नाहीत. दार उघडं होतं, फी आडवी येत नव्हती, तरी नाही आली.

इथे बहुतेक शाळा थांबतात. 'आम्ही सोय केली, ते येत नाहीत' असा शेरा लिहून मोकळ्या होतात. या दोघींनी शाळाच उचलली आणि वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली. आधी मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. लाकडी साधनांच्या जागी समुद्रावरचे शंखशिंपले, खडे, बिया, पानं, बांबूचे तुकडे, माती. लहान-मोठा क्रम लावायला शिंपले चालतात, मोजायला चिंचोके चालतात, रंग ओळखायला फुलं चालतात. या अंगणातल्या शाळेला त्यांनी नाव दिलं अंगणवाडी.

'वाडी' या शब्दाबद्दल एक आडवळण

गुरुजींकडून निघताना त्यांनी चिकू दिले, तेव्हा सुचलेली ही गोष्ट. डहाणू-घोलवड-बोर्डी पट्ट्यात कुणी नुसतं 'वाडी' म्हटलं तर आधी डोळ्यापुढे येते ती चिकूची वाडी. आगर हा शब्दही तसाच, किनाऱ्यावरच्या बागांचा नाहीतर मिठागरांचा. जर्मनीत फ्रोबेलने 'मुलांची बाग' म्हणून किंडरगार्टन काढलं, आपण त्याची बालवाडी केली. पुण्या-मुंबईत 'बालवाडी' हे नुसतं गोड रूपक आहे. इथे मात्र वाडी ही मुलांच्या आई-बापांची कामाची जागा होती आणि आजही आहे. दुसऱ्याच्या वाडीत राबणाऱ्या माणसाच्या अंगणाला 'तुमच्या मुलाची वाडी' म्हणणं, याला इथे वेगळाच अर्थ येतो. दोघींनी तो मुद्दाम योजला होता असा माझा दावा नाही. पण शब्द ज्या मातीत पडला तिथे तो असा ऐकू आला असणार.

गुरांमागची शाळा

अंगणवाडीने लहान मुलांचा प्रश्न थोडाफार सुटला. मग मोठ्यांचा उभा राहिला. सात-आठ वर्षांचा मुलगा गुरांमागे जातो, तेवढ्याच वयाची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घर बघते. म्हणजे अकरा वाजता मूल कुठे होतं याचं उत्तर मिळालं: मुलगा कुरणात आणि मुलगी घरी, कडेवर भावंड.

या दोन उत्तरांवर दोन उपाय निघाले. एक म्हणजे कुरणशाळा. गुरं जिथे चरतात तिथे शिक्षक जाणार, गुरांवर नजर ठेवत ठेवत मुलांबरोबर खेळ, गोष्टी, मोजणी, अक्षरं. गुरं पुढे सरकली की शाळाही सरकते. दुसरा उपाय म्हणजे विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा तिन्ही एकाच आवारात. मोठ्या बहिणीने यायचं, कडेवरचं पाळणाघरात द्यायचं, मधलं बालवाडीत सोडायचं आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचं. १९५६-५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांच्या आणखी जवळ आलं आणि हे प्रयोग तिथे वाढले. नोकरीपेशाच्या मोठ्यांसाठी नव्हे, तर दिवसभर राबणाऱ्या मुलांसाठी रात्रीचे वर्गही चालले.

विकासवाडीबद्दल लिहिताना लोक तिच्या 'एकात्मिक' रचनेचं कौतुक करतात. मला त्याहून साधी गोष्ट दिसते. ती रचना बालमानसशास्त्रातून आलेली नाही, एका मुलीच्या कडेवरच्या ओझ्यातून आलेली आहे. मुलगी शाळेत का येत नाही, तर तिचे हात मोकळे नाहीत. मग शाळेने आधी तिचे हात मोकळे करायचे. पालकांना शिक्षणाचं महत्त्व पटवण्याची भाषणं त्यानंतर.

यालाच मी माझ्या प्रबंधात या प्रयोगाचा गाभा म्हणतेय. शिंपल्यांची साधनं, गाणी, नाच हे सगळं सुंदर आहे आणि तेच फोटोत येतं. पण मुळात या बायकांनी गैरहजेरीकडे बघायची पद्धत बदलली. हजेरीपटावरचा 'गै' हा मुलाचा दोष न समजता त्यांनी ती गावाच्या कामधंद्याबद्दलची माहिती मानली.

शब्द दिल्लीला गेला

पुढचं तुम्हाला माहीत आहेच. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्राचं नाव अंगणवाडी. बोर्डीतल्या वस्त्यांत रुळलेला शब्द देशभर झाला. ताराबाई १९७३ मध्येच गेल्या होत्या. अनुताईंनी मात्र तो पाहिला. त्या १९९२ पर्यंत कोसबाडला होत्या.

शब्द गेला, सोबत काय गेलं? योजनेच्या सहा सेवा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि अनौपचारिक शाळापूर्व शिक्षण. सहापैकी शिकवणं एक. कुपोषणाने मुलं जात असताना आहार आधी, यात चूक काढता येत नाही. पण आणखी एक बदल झाला, तो मला तलासरी तालुक्यातल्या एका अंगणवाडीताईंनी दाखवला. मी त्यांना 'सेविका' म्हणाले, तेव्हा त्या हसल्या.

"अनुताईंना कुणी सेविका म्हणायचं का हो?"

मी म्हटलं, "नाही. शिक्षिकाच."

"मग अंगण घेतलंत, वाडी घेतलीत, बाई तेवढ्या सोडल्यात."

त्यांचा दिवस मी त्यांच्याबरोबर काढला. वजन, उंची, आहाराचं वाटप, गरोदर बायांची यादी, मोबाईलवर माहिती भरणं. त्यातून जो वेळ उरतो त्यात त्या मुलांना गोल बसवतात. गोष्ट सांगताना घरची बोली वापरतात आणि एकेक मराठी शब्द मध्येच सोडत जातात. पुढे पहिलीत गेल्यावर मूल गप्प बसू नये म्हणून. हे त्यांना कुणी शिकवलं, असं विचारलं. "मी स्वतः पहिलीत वर्षभर गप्प होते," एवढंच म्हणाल्या. त्यांना मिळतं ते मानधन, पगार नव्हे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीतल्या सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीच्या हक्कदार आहेत असा निकाल दिला. त्यासाठी योजना सुरू झाल्यापासून ४७ वर्षं जावी लागली.

दुसरी वाट: मूलच हलवायचं

पुढच्या भेटीत मी हे सगळं गुरुजींना वाचून दाखवलं. मला वाटलं खूश होतील. ते म्हणाले, "बरं आहे. पण अर्धंच आहे. मी स्वतः कुठे शिकलो, विचारलंस का?"

गुरुजी वसतिगृहात राहून शिकलेले. या भागात शाळा मुलाकडे नेण्याची जशी एक वाट होती, तशी मुलाला शाळेकडे आणण्याची दुसरी वाट होती, आणि ती आकाराने कितीतरी मोठी. बाळासाहेब खेरांनी काढलेलं आदिवासी सेवा मंडळ, नंतर शासनाच्या आश्रमशाळा. तलासरीत चळवळीतल्याच लोकांच्या आदिवासी प्रगती मंडळाने वसतिगृह काढलं, आज तिथे कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. ज्या चळवळीने मोठ्यांची वेठ सोडवली, तिनेच पुढे मुलांना राहायला आणि शिकायला जागा केली. हा धागा मी माझ्या आराखड्यात पार विसरले होते.

"कुरणशाळेतून पोरगा किती शिकणार?" गुरुजी म्हणाले. "अक्षर-आकडे येतील. मास्तर व्हायचं, तहसील कचेरीत कागद वाचायचा, तर पाडा सोडायलाच लागतो. माझ्या आईने मला सोडलं नसतं तर मी आज तुझ्यासमोर खुर्चीवर बसलो नसतो. पण सुट्टीत घरी गेलो की मला गुरं वळता येत नाहीत म्हणून पोरं हसायची, तेही लिही."

मी लिहून घेतलं. शाळा कशासाठी, याची दोन उत्तरं त्यांच्या एकाच आयुष्यात आहेत. मूल आहे तिथे फुलावं, हे एक. त्याला तिथून निघता यावं, हे दुसरं. कोसबाडचा प्रयोग पहिल्या उत्तराचा मोठा नमुना आहे. पण फक्त तेच सांगितलं तर ज्यांना निघायचं होतं त्यांच्यावर अन्याय होतो. पाड्यावरची शाळा पाड्यापुरतीच राहिली तर ती मुलाला प्रेमाने तिथेच अडकवूही शकते. अनुताईंनाही हे कळत असावं. त्या स्वतः टेकडीवरचा सगळा व्याप सांभाळून १९६१ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी बी. ए. झाल्या. शिकण्याची पुढची पायरी असते आणि ती चढायची असते, हे त्यांनी मुलांच्या डोळ्यांपुढे करून दाखवलं.

मुख्याध्यापकाचं काम

माझ्या प्रबंधात एक चॅप्टर शाळेच्या नेतृत्वावर आहे. हल्ली यावर प्रशिक्षणं होतात, पीपीटी असतात, 'व्हिजन' हा शब्द फार असतो. गुरुजींना विचारलं, मुख्याध्यापक म्हणून तुमचं व्हिजन काय होतं?

"भात कापणी कधी, ते मला माहीत असायचं," ते म्हणाले.

मला आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी उलगडून सांगितलं. भात निघालं, दिवाळी झाली, की पाड्यावर वीटभट्टीचा मुकादम यायचा. उचल द्यायचा, म्हणजे आगाऊ पैसे. मग ट्रक यायचा आणि बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं भिवंडी-वसईकडे जायची, ती थेट पावसाच्या तोंडावर परत. मुलं अर्थातच सोबत. वर्गात चाळीस नावं, बाकांवर पंधरा मुलं. गुरुजी कापणीच्या दिवसांत संध्याकाळी पाड्यावर बसायला जायचे. कुणी उचल घेतलीय, कुणाची आजी घरी राहणार आहे, हे बघायचे. "आजी असेल तर पोर ठेवून घेता येतं. आजी नसेल तर भट्टी कुठे आहे ते विचारून ठेवायचं आणि तिकडच्या मास्तरला चिठ्ठी द्यायची." दर वर्षी चार-पाच मुलं तरी अशी टिकायची. बाकीची गळायचीच. ते आकडा फुगवून सांगत नाहीत.

वेठ गेली, लग्नगडी गेला, पण आगाऊ पैसे घेऊन कुटुंबाने हंगामभर बांधून घेणं काही गेलं नाही. म्हणून कुरणशाळेची कल्पनाही पुन्हा पुन्हा जन्माला येते. वसई भागात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या कामगारांची तात्पुरती झोपडी. कुरणाच्या जागी भट्टी आली, विचार तोच. कोसबाडहून निघालेली आणखी एक वाट म्हणजे ग्राममंगल. १९८२ मध्ये अनुताई आणि प्रा. रमेश पानसे यांनी काढलेली ही संस्था डहाणू तालुक्यातच दाभोण, ऐना इथे शाळांचं काम करत आली.

पाड्यावर जाऊन बसायचं, काम कुठे-कधी आहे ते बघायचं, मग शाळेची वेळ, जागा, पद्धत ठरवायची. १९४५ च्या दोघी शिक्षिका आणि माझे गुरुजी यांच्यात हा क्रम सारखा आहे. गुरुजींना कुणी हे शिकवलं नव्हतं आणि त्यांनीही त्याला कधी नेतृत्व म्हटलं नाही.

मग आज काय?

तुम्ही म्हणाल, ही झाली जुनी गोष्ट. तसं नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. म्हणजे 'शाळा मुलाजवळ' हे तत्त्व आता कायद्यात आहे. दुसरीकडे, २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. बारा मुलं आणि एक शिक्षक असलेल्या शाळेत चार इयत्ता एकाच खोलीत बसतात, मुलांना बरोबरीचे सोबती मिळत नाहीत. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा, ग्रंथालय, खेळाचं मैदान देता येतं. गुरुजींची वसतिगृहाची वाट आठवा, मोठी शाळा म्हणजे निव्वळ वाईटच असं नाही.

पण पट वीसच्या खाली का गेला, हे शाळा हलवण्याआधी कुणीतरी पाड्यावर जाऊन विचारायला हवं. मुलं जन्मलीच कमी, की ती खाजगी शाळेत गेली, की भट्टीवर आहेत? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. पहिल्यात शाळा एकत्र करणं कदाचित योग्य ठरेल. दुसऱ्यात आपल्या शाळेत काय कमी पडलं ते बघावं लागेल. आणि तिसऱ्यात शाळा हलवली, तर जूनमध्ये भट्टीवरून परतलेल्या मुलाला पाड्यावर कुलूप दिसेल. बस येते म्हणावं, तर पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या पाड्याला ती कशी पोहोचणार? पटसंख्येच्या एका रकान्यात या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. बोर्डीला १९४५ मध्ये नेमका हाच फरक दोघींनी ओळखला होता. बालवाडीचं दार उघडं होतं आणि मुलं येत नव्हती, तेव्हा त्यांनी आकडा पाहून बालवाडी बंद केली नाही. त्या वस्तीत जाऊन आल्या.

गेल्या आठवड्यात गुरुजींना फोन केला. म्हटलं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलंय, तीन उत्तरं मिळाली: कुरणात, घरी भावंडापाशी, नाहीतर भट्टीवर.

"चौथं राहिलं," ते म्हणाले. "काही पोरं शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहून बघत असायची. कामच नसायचं त्यांना. आत यायला लाजायची. त्यांना नुसतं 'ये' म्हणायचं होतं. आमच्यातल्या किती जणांनी म्हटलं नाही, तेही शोध."

हे कुठल्या कागदात सापडणार, माहीत नाही. पण तलासरीच्या ताईंना पुढच्या भेटीत आधी हेच विचारणार आहे. पुढची पोस्ट बोलीभाषा आणि पहिलीचा वर्ग यावर. तुमच्यापैकी कुणी पाड्यावरच्या शाळेत शिकवलं किंवा शिकलं असेल, तर सोमवारी सकाळी अकरा वाजताची आठवण मला जरूर लिहून पाठवा.